पट्टा मिळाला, पैसे नाहीत

जून 2022मध्ये लंडनजवळच्या सेंच्युरियन क्लबवर सौदी अरेबियाच्या सरकारी निधीतून लिव्ह गोल्फ नावाची नवी व्यावसायिक स्पर्धामालिका सुरू झाली आणि तेव्हापासून गोल्फच्या जगात एक भांडण धुमसतंय. सुरुवातीला एकेका स्पर्धेला 2.5 कोटी डॉलरची बक्षिसं, पहिल्या येणाऱ्याला 40 लाख, आणि मोठ्या नावांना नुसत्या सहीचे वेगळे. आपल्याकडे गोल्फ खेळणारे मूठभर. पण भांडणाची भाषा आपल्याला तोंडपाठ आहे, कारण 2008च्या आयपीएल लिलावापासून आपण तीच बोलतो आहोत. एक बाजू म्हणते, सभ्य माणसांचा खेळ होता, पैशानं नासवला. दुसरी म्हणते, खेळाडूला कुणी चार पैसे जास्त देत असेल तर तुमच्या पोटात का दुखतं? पहिली बाजू इतिहासाच्या नावानं बोलते, पण इतिहास उघडून बघत नाही. दुसरीला इतिहासाची गरजच वाटत नाही. दोघांनाही विली पार्क ठाऊक नसावा. ठाऊक असता तर दोघांचीही पंचाईत झाली असती.

विली पार्क म्हणजे ओपनचा, गोल्फमधल्या ब्रिटनच्या त्या नामांकित स्पर्धेचा, पहिला विजेता. 1860, 1863, 1866 आणि 1875 अशी चार वेळा त्यानं ती जिंकली आणि आणखी चार वेळा तो दुसरा आला. धंद्यानं तो गोल्फच्या काठ्या आणि चेंडू बनवणारा कारागीर, त्याआधी दुसऱ्यांच्या काठ्या वाहणारा कॅडी. गोल्फ तो पैशासाठी खेळला, उघडपणे खेळला, वर्तमानपत्रात आव्हान छापून खेळला. माझं म्हणणं असं की गोल्फमध्ये पैसा बाहेरून आलेला नाही, तो पहिल्या दिवसापासून आत होता. त्यामुळे ‘खेळात पैसा असावा का’ हा प्रश्नच बाद आहे. विचारायचं ते हे की पैसा कुणाच्या खिशातला, अटी कोण घालतो, आणि खेळणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची सोय उरते का. या कसोटीवर लिव्ह नापास होतं असं मला वाटतं, पण जुन्या सभ्य गोल्फचे गुणही काही फार बरे नाहीत.

पार्क 1833 साली स्कॉटलंडमध्ये, एडिंबराच्या पूर्वेला, मसलबरो गावाजवळच्या वॉलीफर्डमध्ये जन्मला. घर शेतमजुराचं. मसलबरोच्या समुद्रकाठी गवताळ वाळूचा लांब पट्टा आहे, अशा जमिनीला तिकडे लिंक्स म्हणतात. तिथे घोड्यांच्या शर्यती होत आणि गोल्फही. एडिंबराचे वकील, व्यापारी, जमीनदार खेळायला येत आणि गावातली पोरं त्यांच्या काठ्या उचलत. तेव्हा पिशवी नव्हती. काठ्यांची मोळी काखेत मारायची आणि साहेबामागून चालायचं. पोरं उरल्या वेळात त्याच वाळूत खेळून खेळ शिकत. या गावात पैशाची, बक्षिसाची कुणाला लाज नव्हती. 1810च्या डिसेंबरात तिथल्या गोल्फ क्लबानं गावच्या कोळणींमध्ये जी उत्तम खेळेल तिला मासळीची नवी पाटी बक्षीस देण्याचा ठराव केला होता, वर रेशमी रुमालही. बाईनं गोल्फ खेळावा आणि धंद्याला उपयोगी पडेल असं बक्षीस घ्यावं, यात कुणाला खेळाचं पावित्र्य भंगल्यासारखं वाटलं नाही. पावित्र्य नंतर आलं. ते कुठून आलं ते पुढे बघू.

1854 साली विशीतला पार्क सेंट अँड्र्यूजला गेला आणि अ‍ॅलन रॉबर्टसनला आव्हान देऊन बसला. रॉबर्टसन म्हणजे त्या काळातला सर्वांत मोठा खेळाडू आणि पिसांच्या चेंडूंचा नामांकित कारागीर. तो खेळला नाही. त्याच्याऐवजी टॉम मॉरिस उतरला, आणि पार्कनं मॉरिसला हरवलं. मग ‘बेल्स लाइफ’ या लंडनच्या क्रीडापत्रात पार्कचं आव्हान येऊ लागलं : जगातल्या कुणाही माणसाशी 100 पौंडांच्या पैजेवर खेळायला तयार. ते आव्हान त्यानं वर्षानुवर्षं खुलं ठेवलं. शेतमजुराच्या पोरानं जगाला उद्देशून जाहिरात द्यावी, हा माज त्या काळात लहान नव्हता. 100 पौंड ही रक्कमही लहान नव्हती. पुढे याच टॉम मॉरिसला सेंट अँड्र्यूजच्या मैदानाची सगळी देखभाल करायला वर्षाचे 50 पौंड पगार मिळाला, यावरून अंदाज यावा.

मॉरिस आणि पार्क यांच्यातला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. मॉरिस भला माणूस होता, पण जन्मभर क्लबाचा पगारदार होता. प्रेस्टविकला 1851मध्ये गेला तोही नोकरीवर, आणि परत आला तोही नोकरीवर. पार्कची भाकरी मुख्यतः दुकानातून आणि पैजांमधून येत असे. त्या काळची काठी म्हणजे सुबक पण चिवट हातकाम. डोकं बीचच्या किंवा सफरचंदाच्या लाकडाचं, कानसून लांबट केलेलं. त्याच्या पाठीत खोबण कोरून वितळलेलं शिसं ओतायचं, म्हणजे वजन येतं. तळाच्या पुढच्या कडेला मेंढ्याच्या शिंगाची पट्टी बसवायची, नाहीतर वाळूवर आपटून लाकूड उडतं. दांडा पूर्वी अ‍ॅशचा, मग अमेरिकेहून येणाऱ्या हिकरीचा. दांडा आणि डोकं दोन्ही तिरपे तासून, सरस लावून, वरून डांबर लावलेला दोरा गच्च गुंडाळायचा. मुठीला लोकरीच्या पट्टीवर मेंढीचं कातडं. दांडा किती लवतो हे बोटांना कळावं लागतं. त्याला माप नाही. जो माणूस सकाळी अशी काठी बनवतो आणि दुपारी तीच घेऊन 100 पौंडांची पैज जिंकतो, त्याचा खेळ ही त्याच्या मालाची जाहिरात असते आणि माल हा त्याच्या खेळाचा आधार. त्याला कुणाच्या मेहेरबानीची गरज तुलनेनं कमी पडते. पार्क उर्मट होता असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. उर्मटपणाही परवडावा लागतो, आणि त्याला तो दुकानामुळे परवडत होता.

आता पहिल्या ओपनची गोष्ट. रॉबर्टसन सप्टेंबर 1859मध्ये वारला. आता श्रेष्ठ कोण, हे ठरवायला प्रेस्टविक क्लबानं 17 ऑक्टोबर 1860 रोजी स्पर्धा घेतली. आठ खेळाडू, 12 होलांच्या, म्हणजे चेंडू घालायच्या 12 खड्ड्यांच्या, तीन फेऱ्या, एकाच दिवसात. कमी फटक्यांत संपवेल तो विजेता. पार्कचे 174 फटके, मॉरिसचे 176. आमंत्रण कसं होतं? इतर क्लबांनी आपापले ‘प्रतिष्ठित’ कॅडी पाठवावेत. म्हणजे कॅडी मुळात अप्रतिष्ठित असतो हे गृहीत. गुणांत लबाडी होऊ नये म्हणून जोड्यांबरोबर फटके मोजणारे मार्कर चालले. विजेत्याला बक्षीस काय? चांदीच्या बकलांचा, लाल मोरोक्को चामड्याचा, सुमारे 25 पौंड किमतीचा पट्टा, तोही एका वर्षापुरता. पट्टा घरी न्यायचा तर तो सुखरूप परत येईल याची कमिटीला पटेल अशी हमी द्यायची, नाहीतर तो क्लबाच्या खजिनदाराकडेच राहणार. रोख रक्कम शून्य. जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या माणसाला जामीन द्यावा लागतो, या सभ्यतेची आठवण ‘पूर्वीचा गोल्फ’ म्हणून हळहळणाऱ्यांना कुणीतरी करून द्यायला हवी.

याहून मासलेवाईक प्रकार 1863चा. त्या वर्षी पहिल्यांदा रोख बक्षिसं आली, एकूण 10 पौंड. ती दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाला वाटली. पहिला आलेल्याला काही नाही, कारण त्याला पट्ट्याचा मान होताच. पहिला आला होता विली पार्क. दुसरा मॉरिस. पैसे घेऊन मॉरिस गेला, मान घेऊन पार्क. पुढच्या वर्षी विजेत्याला 6 पौंड ठरले आणि जिंकला मॉरिस! मान पोटात जात नाही, हे समजायला सभ्य लोकांना चार वर्षं लागली. ज्यांचं पोट भरलेलं होतं त्यांना ते आपणहून सुचणं कठीणच होतं.

इथवर वाचून ‘पैसा नासवतो’ असं म्हणणारा वाचक एक रास्त आक्षेप घेईल. पैजेचा गोल्फ काही साधुसंतांचा नव्हता. 1870मध्ये मसलबरोला पार्क आणि मॉरिसचा मोठ्या पैजेचा सामना लागला. गर्दी पार्कच्या गावची, गर्दीचा पैसा पार्कवर. लोक मैदानात घुसले, चेंडूंना हात-पाय लावू लागले. पंच होते प्रकाशक रॉबर्ट चेंबर्स. थोडी होल उरली असताना त्यांनी खेळ थांबवला आणि मॉरिससह जवळच्या पबमध्ये जाऊन बसले. पार्कनं निरोप धाडला, येणार नसाल तर मी एकटाच खेळतो. आणि खरंच उरलेली होल एकट्यानं खेळून त्यानं पैजेवर हक्क सांगितला. प्रसंग हास्यास्पद आहे आणि लाजिरवाणाही. पैजेचा पैसा गर्दीला उन्मत्त करतो हे मान्य. आज मॅच-फिक्सिंगच्या बातम्या वाचणाऱ्या माणसाला ते वेगळं सांगायला नको.

पण त्यातून निष्कर्ष काय काढायचा? त्या पैजांमागे बरेचदा पैसा लावणारे कोण होते? तेच सभ्य लोक. क्लबातल्या बैठकांत आपसात पैजा मारणं हा सभासदांचा आवडता उद्योग होता आणि क्लबांनी त्यांच्या नोंदवह्याही ठेवल्या. जमीनदारानं दुसऱ्या जमीनदाराशी पैज मारली की ती मौज, आणि कारागिरानं त्याच पैजेतला वाटा घेतला की तो जुगार, हा हिशेब मला कळत नाही. शिवाय गर्दीवरचा इलाज दोर लावणं, तटस्थ पंच नेमणं, नियम कडक करणं हा होता आणि पुढे तेच झालं. खेळाडूचा मोबदला बंद करून गर्दी सुधारल्याचं उदाहरण मला सापडलेलं नाही. आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्त्या बघा. पोरांची रेवड्यांवरची कुस्ती, मग नारळावरची, मग वाढत वाढत मोठ्या इनामाची शेवटची. इनाम आहे म्हणून कुस्ती बाटली असं फडातला कुणी म्हणतो का? हलगी वाजते, पैलवान इनाम घेतो, डोक्याला फेटा बांधून घेतो, आणि कुणाला त्यात विसंगती दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हौशी खेळाडूंच्या परंपरेनं खेळाला संस्कार दिला, असं म्हणतात. ते खोटं नाही. अमेरिकेचा बॉबी जोन्स ऐन कारकिर्दीत हौशी म्हणूनच खेळला, 1930मध्ये एका वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकला. 1925च्या यूएस ओपनमध्ये काठी टेकवताना चेंडू हलला, हे दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं, तरी त्यानं स्वतःहून एक फटक्याचा दंड घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो हरला. असा प्रामाणिकपणा पैशानं विकत मिळत नाही, आणि गोल्फनं तो जपला याचा अभिमान बाळगावा. फक्त तो हौशी असल्यामुळे आला असं मानायला आधार नाही. पंचाविना स्वतःवर दंड घेणारे व्यावसायिक खेळाडू आजही दिसतात, आणि तो दंड त्यांना हजारो डॉलरला पडतो. ज्याला दंड पैशानं मोजावा लागतो त्याचा प्रामाणिकपणा कमी कसा?

आणि ही हौशीपणाची रेघ मारली कुणी, कशी? 1885मध्ये इंग्लंडमधल्या हॉयलेकला पहिली अमॅच्युअर, म्हणजे हौशींची, स्पर्धा झाली. डग्लस रोलंड नावाच्या गवंड्याला प्रवेश नाकारला, कारण आदल्या वर्षीच्या ओपनमध्ये त्यानं बक्षिसाचे पैसे घेतले होते. त्याच स्पर्धेत जॉन बॉल खेळला. बॉलनंही 1878च्या ओपनमध्ये, पोरवयात का होईना, 10 शिलिंग घेतले होते. ते माफ झाले. बॉलच्या वडिलांचं मैदानाशेजारी हॉटेल होतं. गवंड्याचे पैसे दिसले, हॉटेलवाल्याच्या पोराचे दिसले नाहीत. गोल्फनं निदान हे आडून केलं. हेन्लेच्या नौकास्पर्धेनं 1879मध्ये नियमातच लिहून टाकलं की कारागीर, यंत्रकामगार किंवा मजूर हौशी ठरू शकत नाही. तो पैसे घेतो की नाही हा प्रश्नच नव्हता. हातानं काम करतो हाच गुन्हा. आणि क्रिकेटमध्ये डब्ल्यू. जी. ग्रेस ‘जंटलमन’, म्हणजे हौशी, म्हणून खेळत असताना 1895च्या गौरवनिधीत त्याच्या हाती 9,000 पौंडांहून जास्त रक्कम पडली. इतके पैसे कुठल्या व्यावसायिकानं स्वप्नातही पाहिले नसतील. तरी मैदानात उतरताना दार वेगळं व्यावसायिकाचंच. मला तर शंका येते की ‘पैशाशिवाय खेळ’ हे तत्त्व खेळासाठी नव्हतंच. कारागीर जिंकू लागले तेव्हा त्यांना ज्या कुंपणाबाहेर ठेवायचं, त्याचं ते नाव होतं.

हे कुंपण आपल्याला परकं नाही. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात महिना 4 रुपयांवर मैदानाची कामं करणारा पळवणकर बाळू तासन् तास साहेबांना गोलंदाजी करायचा. बॅट त्याच्या हाती कुणी दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघात आला तरी चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. 1911च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेणारा हा माणूस हिंदूंच्या संघाचा कप्तान कधी नेमला गेला नाही. आणि खाशाबा जाधव? 1952चं हेलसिंकी ऑलिंपिक हौशी खेळाडूंचं, म्हणजे पैशाला विटाळ मानणारं. पण तिकडे जायला बोटीचं-विमानाचं भाडं लागतंच. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले, लोकांनी वर्गणी दिली, तेव्हा गोळेश्वरचा पैलवान कांस्यपदक घेऊन आला. हौशी खेळ फुकट नसतो. त्याचं बिल कुणीतरी भरतंच, आणि भरणाऱ्याचं नाव पदकावर नसतं.

तिसरा आक्षेप सर्वांत मजबूत आहे, आणि त्यावर मी पहिल्या बाजूबरोबर आहे. लिव्हचा पैसा साधा पैसा नाही. तो एका राजवटीचा आहे, जिच्या माणसांनी 2018मध्ये इस्तंबूलच्या वाणिज्य दूतावासात पत्रकार जमाल खशोगी यांचा खून केला. स्वतःची प्रतिमा धुऊन घ्यायला खेळ वापरला जातोय, हे उघड आहे. पण मग हे सरळ म्हणा ना! ‘हा पैसा नको कारण तो या मालकाचा आहे’ हा युक्तिवाद भक्कम आहे. त्याच्यावर ‘गोल्फ पैशासाठी नव्हताच’ हा रंग चढवला की तो पोकळ होतो, कारण समोरचा लगेच पीजीए टूरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या व्यावसायिक स्पर्धामालिकेच्या, बक्षिसांची यादी काढतो आणि तुम्ही गप्प. जून 2023मध्ये पीजीए टूरनं त्याच सौदी निधीशी करार करायची घोषणा केली, तेव्हा वर्षभर पावित्र्याची प्रवचनं देणाऱ्यांची जी तारांबळ उडाली ती या पोकळपणामुळेच. मालकावर आक्षेप घेतला असता तर भूमिका बदलावी लागली नसती.

खेळातून झळाळी विकत घेणं सौदींनी शोधलेलं नाही, हेही ध्यानात ठेवू. प्रेस्टविक क्लबाचा पहिला कॅप्टन अर्ल ऑफ एग्लिंटन. यानं 1839मध्ये आपल्या वाड्यावर मध्ययुगीन सरदारांची भाल्यांची झुंज भरवली होती, चिलखतं-घोड्यांसकट. लाख लोक जमले आणि मुसळधार पावसानं सगळा चिखल केला.  विजेत्याच्या कमरेला पट्टा बांधायची कल्पना त्याच सरंजामी थाटातली. जमीनदाराला आपल्या नावाभोवती शौर्याचं वलय हवं होतं, आणि ते कॅडींच्या घामातून उभं राहिलं. एग्लिंटन आणि रियाध यांना एका तराजूत घालणं अन्यायाचं होईल. एकाच्या हातून चिखल झाला, दुसऱ्याच्या हाताला रक्त आहे. पण दाता आपल्या सोयीनं देतो, एवढं दोन्हीकडे सारखं.

म्हणून दुसऱ्या बाजूला, म्हणजे ‘विली पार्कही पैशासाठीच खेळला, मग लिव्ह का नको’ म्हणणाऱ्यांनाही सोडता येत नाही. पार्कचे 100 पौंड जिंकल्यावर मिळायचे. हरला तर जायचे, आणि पाठीराख्यांचा विश्वासही जायचा. 1861, 1862, 1865, 1867 अशी चार वर्षं तो ओपनमध्ये दुसरा आला. कुणी त्याला आधीच हमीची रक्कम देऊन ठेवली नव्हती. मोबदला कामगिरीला होता. लिव्हच्या बड्या करारांत मोबदला खेळाडूच्या नावलौकिकाला आहे, आणि सुरुवातीला तर शेवटून पहिला येणाराही 1,20,000 डॉलर घेऊन जात होता. हरायची भीती काढून टाकली की सामन्यात बघायला काय उरतं? आणि पार्क उद्या एखाद्या अर्लशी बिनसलं तर मसलबरोला परत जाऊन शिसं ओतत बसू शकत होता. हमीच्या रकमेत अडकलेल्या आजच्या खेळाडूला असं कुठलं दुकान आहे? अर्थात इथे टूरही स्वच्छ नाही. जून 2022मध्ये लिव्हकडे गेलेल्यांना पीजीए टूरनं तडकाफडकी निलंबित केलं. एक मालक सोडून गेलं की शिक्षा करतो, दुसरा हमीच्या रकमेत बांधून ठेवतो. यात स्वातंत्र्य शोधायचं कुठे?

बक्षिसांचा आकडा असा फुगत राहिला तर खेळ आर्थिकदृष्ट्या टिकेल का, ही भीती ओपन भरवणाऱ्या आर अँड ए संस्थेचे तेव्हाचे प्रमुख मार्टिन स्लंबर्स यांनी 2024मध्ये बोलून दाखवली होती. भीती खरी असेल. पण ती हिशेबाची बाब आहे, टीव्हीचे पैसे किती, मैदानांवर किती, तळातल्या स्पर्धांवर किती, हे मांडून सोडवायची. तिथे सभ्यतेचा विषय काढायचं कारण नाही.

राहिला तो नेहमीचा सूर, की पैशानं खेळाडू मातीपासून तुटतात. पार्क घराण्याकडे बघा. विलीचा भाऊ मंगो कित्येक वर्षं जहाजावर काढून परत आला आणि 1874ची ओपन घरच्याच मैदानावर जिंकला. विलीचा मुलगा, तोही विलीच, 1887 आणि 1889ची ओपन जिंकला, पण त्याचं खरं डोकं धंद्यात चाललं. वाकड्या मानेच्या पटरचं, म्हणजे होलाजवळ चेंडू हलकेच ढकलायच्या काठीचं, पेटंट घेतलं, दुकान वाढवलं, 1896मध्ये गोल्फवर पुस्तक लिहिलं. व्यावसायिक खेळाडूनं लिहिलेलं ते पहिलं. मग मैदानं आखू लागला. लंडनजवळच्या सनिंगडेलचं जुनं मैदान त्याचं, 1901चं. झुडपं आणि वाळूच्या माळरानावर उत्तम गोल्फ होऊ शकतो हे त्यानं दाखवलं. हंटरकोम्बला स्वतःचा पैसा घालून मैदान काढलं आणि त्यात हात पोळून घेतले. त्याची मुलगी डोरिस, म्हणजे शेतमजुराच्या पोराची नात, ब्रिटन-अमेरिकेच्या बायकांमधल्या कर्टिस कपमध्ये, 1932च्या पहिल्याच खेपेला, ब्रिटनकडून खेळली. हौशी म्हणून! दोन पिढ्यांनी काठ्या तासल्या, पैजा मारल्या, तेव्हा तिसऱ्या पिढीला फुकट खेळणं परवडलं. हौशीपण हा स्वभावाचा गुण असता तर तो आजोबांतही दिसला असता.

1920मध्ये डीलच्या ओपनला अमेरिकेचा वॉल्टर हेगन आला. व्यावसायिकांना क्लबहाउसमध्ये मज्जाव, कपडे दुकानाच्या खोलीत बदलायचे. हेगननं मोठी गाडी भाड्यानं घेतली, क्लबाच्या दारासमोर लावली आणि तिच्यात बूट बदलले. 1923मध्ये ट्रूनला तो दुसरा आला. आठवडाभर बंद असलेलं दार बक्षीस समारंभापुरतं उघडलं, तेव्हा त्यानं नकार देऊन प्रेक्षकांना जवळच्या पबमध्ये बोलावलं. असं वागायला खिशात पैसे लागतात. पैशानं हेगन मातीपासून तुटला म्हणावं, तर तो प्रेक्षकांत जाऊन बसला होता.

आपल्याकडे ही दारं अजून पुरती उघडलेली नाहीत. रॉयल कलकत्ता क्लब 1829चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. तिथल्या मैदान राखणाऱ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरासिया 2016 आणि 2017मध्ये इंडियन ओपन जिंकला. त्याआधी 1991मध्ये ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर, दिल्लीच्या मैदानावरचा कॅडी. या दोघांना रोख बक्षिसांचा गोल्फ नसता तर कुठल्या सभ्य परंपरेनं पुढे येऊ दिलं असतं? आणि पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी 2022च्या ऑगस्टमध्ये लिव्हकडे गेला, तेव्हा त्याला लोभी म्हणणाऱ्यांनी आणि शाबास म्हणणाऱ्यांनी दोघांनीही रकमेवर तोंड टाकलं. त्याच्या करारात खेळायच्या, बोलायच्या, सोडायच्या अटी काय आहेत, आणि टूरनं त्याच्यासाठी कुठली दारं बंद केली, हे विचारणारं मला कुणी दिसलं नाही. पार्कच्या पट्ट्याची जामिनाची अट निदान नियमावलीत लिहिलेली होती, कुणालाही वाचता येत होती.